तोफेतून सुटणारं भिंग

बोफोर्स हे नाव आपल्याकडे आधी घोटाळ्यामुळे आणि मग कारगिलमुळे घराघरांत पोचलं. त्या तोफेच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ६ मीटर. मागचा थोडा भाग दारूच्या कोठीत जातो, म्हणजे गोळ्याला धावायला साधारण ५ मीटर मिळतात. एखाद्या खोलीच्या लांबीएवढ्या त्या अंतरात गोळा शून्यापासून सेकंदाला ८०० मीटरपर्यंत पोचतो. शाळेत शिकलेलं गतीचं सूत्र लावून बघा. सरासरी त्वरण येतं पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साडेसहा हजार पट, म्हणजे साडेसहा हजार ‘जी’, आणि सगळा खेळ आटोपतो सुमारे १२ मिलिसेकंदांत. दारूचा दाब सुरुवातीला एकदम चढतो आणि मग उतरतो, त्यामुळे कमाल आकडा सरासरीच्या बराच वर, १० हजार ‘जी’च्याही पुढे जातो. लढाऊ विमानाचा कसलेला वैमानिक, खास सूट घालून, श्वास रोखून, ९ जी सोसतो.

आता त्या गोळ्याच्या नाकात एक भिंग बसवा.

कुणी म्हणेल, कशाला बसवायचं? कारण गोळ्याला दिसावं अशी इच्छा माणसाला गेली ऐंशीएक वर्षं आहे. विमान जवळ आलेलं कळावं, रणगाड्यावर पडलेला लेझरचा ठिपका ओळखावा, निदान सूर्य कुठल्या बाजूला आहे एवढं तरी समजावं. हेतू युद्धाचा आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातून जे पदार्थविज्ञान बाहेर आलं ते इतकं उलट्या चालीचं आहे, की तोफांचा तिटकारा असलेल्या माणसानेही ते एकदा बघावं.

५ सेंटिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची काचेची चकती घेऊ. भिंगाचा बाक तूर्त विसरू, म्हणजे हिशेब सोपा होईल. वजन साधारण २५ ग्रॅम. १० हजार जी लागले की तीच चकती आपल्या बैठकीवर अडीचशे किलोच्या भाराने दाबली जाते. एरवी टेबलावरून फरशीवर पडली तरी तडकेल अशी ही वस्तू. मग ती वाचवायची कशी?

पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो तो गादीचा. खाली स्पंज घाला, रबर घाला, कापूस भरा. मोबाइल पडतो तेव्हा त्याचं रबरी कव्हर त्याला वाचवतंच की. पण तिथे काय होतं ते नीट पाहा. फरशीवर आपटणारा मोबाइल थांबायला जेमतेम मिलिमीटरभर अंतर घेतो. कव्हरामुळे ते अंतर एकाचे दोन मिलिमीटर झालं, तर धक्का निम्मा होतो. तोफेत थांबायचं नसतं, वेग घ्यायचा असतो, आणि त्यासाठीचं अंतर आधीच ५ मीटर आहे. त्यात ५ मिलिमीटरचा स्पंज घातला तर ते एक हजारांशाने बदललं. सरासरी त्वरणात फरक पडला तोही एक हजारांश. भिंगाला नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत गोळ्याइतकाच वेग गाठायचा आहे. ते मऊ गादीवर बसलंय की कठीण पोलादावर, याने त्या हिशेबात काही फरक पडत नाही.

उलट गादी घातच करते. गोळा पुढे निघतो, भिंग स्पंजात रुतत क्षणभर मागे रेंगाळतं, मग स्पंज तळाला जातो आणि मागे पडलेला वेग भिंगाला एका हिसक्यात भरून काढावा लागतो. तो हिसका मूळ त्वरणाहून मोठा असू शकतो. फटीचं गणित तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत भयंकर वाटतं. भिंग आणि त्याची बैठक यांच्यात फक्त १ मिलिमीटर सैल जागा राहिली आहे असं धरा. १० हजार जी असताना ती १ मिलिमीटरची फट ओलांडून भिंग बैठकीवर आदळतं तेव्हा त्याचा वेग असतो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून म्हणा, ते भिंग पोलादी पाटावर टाकण्यासारखं हे झालं. फट एक दशांश मिलिमीटर असेल तर उंची १ मीटर. केसाच्या जाडीच्या सैलपणालाही कमरेच्या उंचीवरून पडल्याची शिक्षा!

म्हणजे काचेला सुखात ठेवायचं तर तिला हलायला अजिबात जागा द्यायची नाही. आणि ती दिली नाही, तर काच काय काय सोसते हे ऐकून थक्क व्हायला होतं.

चकती पूर्ण सपाट, कठीण बैठकीवर टेकवली आहे. १० हजार जी. तिच्या तळाशी दाब किती येईल? जाडी गुणिले घनता गुणिले त्वरण: सव्वा मेगापास्कल. एकशेवीस-पंचवीस मीटर खोल पाण्यात जेवढा दाब असतो तेवढा. प्रकाशीय उपकरणं बनवणारे इंजिनिअर काच दाबाखाली ३४५ मेगापास्कलपर्यंत निर्धास्त मानतात. तोफेने त्यातला अर्धा टक्काही वापरला नाही. काचेच्या दृष्टीने काही घडलंच नाही.

आता तीच चकती, तीच तोफ. फक्त खालून आधार काढून घ्या आणि ती नुसती कडेवर टेकवा, जशी बहुतेक भिंगं आपापल्या नळीत टेकलेली असतात. मधला भाग खाली वाकायला बघतो. वाकताना वरचा पृष्ठभाग आवळला जातो आणि खालचा ताणला जातो. हा ताण भरतो ३७ मेगापास्कलच्या आसपास. ताणाच्या बाबतीत त्याच इंजिनिअरांचा सावध आकडा आहे ७. दाब सोसण्याची ताकद आणि ताण सोसण्याची ताकद यांत पन्नास पटींचं अंतर! फरशी बसवणारा गवंडी हे पुस्तक न वाचता जाणतो. शहाबादी फरशी बसवली की तो थापीच्या दांड्याने चारही कोपरे आणि मध्य ठोकून बघतो. कुठे बद्द आवाज आला की समजायचं, खाली माल पोचलेला नाही, पोकळी आहे. तिथे कपाटाचा पाय आला की फरशी गेली. माल सगळीकडे भरला असेल तर त्याच फरशीवर कपाट काय, पिठाची गिरणी ठेवा.

ताणाखाली काच इतकी हळवी का, याचं उत्तर इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथने १९२०च्या सुमारास दिलं. काचेच्या अणूंमधले बंध मुळात अतिशय बळकट. पण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात. काच ताणली की चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो, ते टोक उकलतं, चीर लांबते, आणि लांबली की आणखी ताण एकवटतो. धातू अशा वेळी थोडा वाहतो, टोक बोथट करून घेतो. काचेला ते जमत नाही. दाबाखाली मात्र चिरेचे दोन ओठ मिटतात आणि ती गप्प बसते.

याचा सर्वांत देखणा पुरावा तोफेहून कितीतरी निरुपद्रवी आहे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला की बेडकाच्या पिल्लासारखा, टपोऱ्या डोक्याचा आणि बारीक शेपटीचा तुकडा तयार होतो. प्रिन्स रूपर्टने असे थेंब १६६०च्या सुमारास इंग्लंडमध्ये आणले आणि राजा दुसऱ्या चार्ल्सने ते रॉयल सोसायटीच्या विद्वानांपुढे टाकले. डोक्यावर हातोडी मारा, काही होत नाही. शेपटीचं टोक चिमटीत मोडा, आणि अख्खा थेंब क्षणात पीठ होतो. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने शेपटीकडून डोक्याकडे धावतो. बाहेरचा थर आधी थिजतो, मग आतला भाग थिजून आकसताना बाहेरच्याला आवळून धरतो, म्हणून डोक्याच्या पृष्ठभागावर ४०० ते ७०० मेगापास्कलचा कायमचा दाब राहतो. तो दाब खरोखर मोजून त्याचा पूर्ण उलगडा व्हायला साडेतीनशे वर्षं लागली. राजाच्या शंकेला इतक्या उशिरा उत्तर मिळण्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तर तोफेतल्या भिंगाची पथ्यं यातून निघतात. कडा घासून गोल करायच्या, कारण चिरा कडेलाच जास्त असतात. बैठक भिंगाच्या बाकाशी तंतोतंत जुळेल अशी कोरायची, म्हणजे भार एका रेषेवर न येता पट्ट्यावर पसरेल. भोवतीचा धातू विचार करून निवडायचा. ॲल्युमिनियम उन्हात काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. ५ सेंटिमीटरच्या भिंगाभोवती ४० अंशांच्या फरकाने मिलिमीटरच्या तीन शतांशांची फट पडते, आणि फटीचं काय होतं ते आपण पाहिलंच. टायटॅनियमचं फुगणं काचेच्या पुष्कळ जवळचं आहे, म्हणून महाग असलं तरी ते वापरावंसं वाटतं. रबरालाही यात जागा आहे, पण गादी म्हणून नव्हे. बैठकीतले सूक्ष्म उंचवटे भरून काढून स्पर्श सारखा करायला एक पातळ थर पुरतो.

सगळ्यांत हुकमी उपाय मात्र लहान होण्याचा. आपली चकती सर्व बाजूंनी दहापट लहान करा: व्यास ५ मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. नुसती कडेवर टेकलेली असली तरी तिच्यातला ताण आता दहापट कमी, पावणेचारच्या आसपास. सावध आकड्याच्या चक्क आत. वजन घटतं लांबीच्या घनाने, ते पेलणारं क्षेत्रफळ घटतं वर्गाने. मुंगी उंचावरून पडून चालू लागते त्यामागेही हाच हिशेब आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मर्ल ट्यूव्ह यांच्या गटाने हा लहानपणाचा फायदा उचलला. काम १९४०मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत सुरू झालं. विमानाला थेट लागलं नाही तरी जवळून जाताना आपोआप फुटणारा गोळा त्यांना हवा होता. मुख्य पर्याय दोन होते: रेडिओलहरी किंवा प्रकाश. प्रकाशाचा फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, बनलासुद्धा. त्याच्या नाकाभोवती कंकणासारखं भिंग होतं, आत प्रकाशविद्युत घट. विमान आडवं आलं की प्रकाश किंचित घटायचा आणि फ्यूज पेटायचा. पण रात्री तो आंधळा, आणि दिवसा सूर्यच नजरेत आला तर भलतीकडेच फुटायचा. तो रॉकेट आणि बॉम्बपुरता राहिला. तोफगोळ्यासाठी रेडिओ जिंकला, आणि काचेचा प्रश्न सुटला नाहीच, कारण तेव्हाचा रेडिओ म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवेल, ते व्हॉल्व्ह काढताना-घालताना वडीलधारी मंडळी किती जपायची. तसला व्हॉल्व्ह २० हजार जी आणि सेकंदाला शेकडो गिरक्या सोसणार? ट्यूव्ह यांच्या माणसांनी कानाच्या यंत्रांसाठी बनवलेले चिमुकले व्हॉल्व्ह घेतले. मोकळ्या रानात तोफ सरळ आभाळाकडे रोखून ते झाडले, खाली येऊन जमिनीत रुतले की उकरून काढले, काय मोडलं ते पाहिलं, सुधारलं, पुन्हा झाडले. बाहेरची काच बऱ्याचदा तग धरायची. घोटाळा आतल्या केसासारख्या तंतूचा. तो लवून शेजारच्या जाळीला टेकायचा. तेव्हा तिशीही न गाठलेल्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी तंतू कायम ताणून धरणारी एक बारीक स्प्रिंग बसवली. तिला नाव पडलं उंदराचा सापळा. याच व्हॅन ॲलन यांनी पुढे १९५८मध्ये पृथ्वीभोवतीचे प्रारणाचे पट्टे शोधले. फ्यूजचे सुटे भाग रबरी टोप्यांत बसवून मधली पोकळी मेणाने भरून टाकायची. म्हणजे परत तेच: खाली माल पोचला पाहिजे.

त्या फ्यूजमधली बॅटरी तर मला व्हॉल्व्हपेक्षाही आवडते. साधे सेल गोदामात पडून पडून निकामी व्हायचे. म्हणून आम्ल एका काचेच्या कुपीत बंद केलं. तोफ सुटली की धक्क्याने कुपी फुटते, गोळा गरगर फिरतो, त्या फिरण्याने आम्ल पट्ट्यांमध्ये पसरतं आणि वीज सुरू. एकाच मुठीएवढ्या डब्यात एक काच अजिबात फुटायची नाही आणि दुसरी नेमक्या क्षणी फुटायलाच हवी. तीही खलाशाच्या हातून गोळा डेकवर निसटला तर नव्हे, फक्त तोफेतच. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वाडलकनालजवळ यूएसएस हेलेना या युद्धनौकेने या फ्यूजने पहिलं विमान पाडलं. युद्ध संपेपर्यंत असे २ कोटींहून अधिक फ्यूज तयार झाले होते.

नळीतून बाहेर पडताना एक धोका असतो, तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बारा मिलिसेकंद गोळा मागून दाबला जात असतो, त्याचं पोलादसुद्धा किंचित आखडलेलं असतं. तोंडाशी येताच दाब एकदम नाहीसा होतो आणि आखडलेलं सगळं परत उसळतं. आतापर्यंत मागच्या बैठकीवर रेललेलं भिंग आता पुढे झेपावतं. म्हणून पुढूनही आटे असलेलं कडं आवळून बसवावं लागतं. इतकं घट्ट, की उसळीतही भिंग बैठक सोडणार नाही; पण इतकंही नाही की आवळण्यानेच ते वाकेल. शिवाय नळीत गोळा भिंतींना डावी-उजवीकडे ठोसे देत जातो, ते वेगळंच.

हे सगळं जमलं आणि काच शाबूत राहिली, तरी काम झालं असं नाही. भिंग काही मायक्रॉन सरकलं तर प्रतिमा बिघडते. १९७०च्या दशकात अमेरिकेने कॉपरहेड नावाचा १५५ मिलिमीटरचा लेझर-मार्गदर्शित गोळा घडवायला घेतला (तो १९९१च्या आखाती युद्धात वापरला गेला), तेव्हा हा पेच होताच. दूरवरचा निरीक्षक लक्ष्यावर अवरक्त लेझर धरतो आणि गोळा तो ठिपका पाहून पंखांनी वळतो. अशा गोळ्याचा डोळा चित्र पाहतच नाही. भिंगामागे चार पाकळ्यांत विभागलेला एक प्रकाशघट असतो. ठिपका त्यावर मुद्दाम अस्पष्ट, पसरट पाडलेला असतो, चारही पाकळ्यांवर थोडाथोडा यावा म्हणून. डावीकडे जास्त प्रकाश आला तर डावीकडे वळ, चारही सारख्या झाल्या तर सरळ जा. तीक्ष्ण नजरेची हावच सोडून दिल्यामुळे भिंगाचं थोडंफार सरकणं माफ होतं. मला ही या क्षेत्रातली सर्वांत शहाणी युक्ती वाटते. डोळा स्थिर ठेवणाऱ्या भोवऱ्याचे बारीक बेअरिंग मात्र हा भार पेलूच शकत नाहीत. तेव्हा नळीत असेपर्यंत भोवरा एका भक्कम ठोकळ्यावर टेकवून ठेवायचा आणि बाहेर पडल्यावरच मोकळा करायचा. रशियाच्या क्रास्नोपोल गोळ्यात, जो भारतीय लष्करानेही घेतला, डोळ्यावर टोपण असतं आणि ते उडत असतानाच गळून पडतं.

आपल्याकडे पुण्यात पाषाणला एआरडीई ही तोफा आणि दारूगोळ्याची संशोधन संस्था आहे. तिच्या ॲटॅग्ज तोफेची नळी ५२ कॅलिबरची, म्हणजे व्यासाच्या ५२ पट, ८ मीटरहून थोडी अधिक. नळी लांब म्हणजे तोच वेग सावकाश गाठता येईल, भिंगाला दिलासा मिळेल, असं वाटेल. तसं होत नाही. मिळालेली लांबी तोफखाना वेग आणि पल्ला वाढवण्यात खर्च करतो. भिंगाचं कोण ऐकतो!

काचच टाळायची ठरवली तर? गोळा उडताना किती डगमगतो हे मोजायला अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी यॉसोंड नावाचं एक उपकरण घडवलं. त्यात गोळ्याच्या अंगावर दोन अरुंद खाचा असतात, एकमेकींशी कोन करून कापलेल्या, आणि प्रत्येकीमागे सिलिकॉनचा छोटा सौरघट. गोळा फिरतो तसा प्रत्येक फेऱ्यात सूर्य आधी एका खाचेसमोरून जातो, मग दुसरीसमोरून. दोन ठोक्यांमधलं अंतर बदललं की गोळ्याचा कल बदललेला असतो. रेडिओवरून हे ठोके खाली येत राहतात. खाचेला तडा जात नाही, ती सरकत नाही, तिला वजनही नाही. ज्या सूर्याने प्रकाशाच्या फ्यूजचा घात केला होता, तोच इथे मापाचा खुंटा झाला.

हे सगळं खरं उतरलं की नाही ते तपासायचं कसं, हाही एक किचकटच प्रश्न. गोळा झाडून मातीतून उकरला आणि भिंग फुटलेलं निघालं, तर ते तोफेत फुटलं की जमिनीवर आपटून, हे कोण सांगणार? म्हणून तोफेच्या तोंडाला एक प्रचंड लांब नळ जोडतात. त्यात आधी कोंडलेली हवा आणि पुढे पाणी गोळ्याला हळूहळू अडवत जातात. सुटतानाच्या त्वरणाच्या दहाव्या हिश्श्याने थांबवायचं म्हटलं तर धावपट्टीही दहापट, पन्नास मीटरची लागते. गोळा तिथून अंगावर ओरखडाही न घेता बाहेर येतो. मग तो उघडून भिंग प्रयोगशाळेतल्या बाकावर चढवतात आणि झाडण्याआधीच्या मोजमापांशी एकेक आकडा ताडतात. काच धडधाकट आहे, केंद्र जागेवर आहे, पण पुढचं कडं आट्यावर एक दशांश मिलिमीटर सैल झालं आहे, असं निघालं तर तो नमुना नापास होतो आणि डिझाइन परत ड्रॉइंग बोर्डवर जातं.